डीऑन सँडर्स यांची प्रशिक्षक म्हणून कारकीर्द नेमकी कशी मोजावी?

बोल्डरचा_पालक

नमस्कार. माझी मुलगी बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठात शिकते आणि तिच्यामुळे गेली काही वर्षे मी तिथल्या फुटबॉल संघाचे सामने नियमाने पाहू लागलो आहे. अर्थात हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. संघाचे मुख्य प्रशिक्षक डीऑन सँडर्स हे व्यावसायिक खेळाडू म्हणून किती मोठे होते, हे इथे लहान मुलालाही ठाऊक असते. प्रशिक्षक म्हणून ते कसे आहेत, याविषयी मात्र दोन माणसांचे एकमत होताना मी पाहिलेले नाही.

आकडे पाहावेत, तर तेही दोन दिशांना ओढतात. मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट विद्यापीठात २०२० ते २०२२ या काळात त्यांच्या संघाने २७ सामने जिंकले आणि केवळ ६ गमावले. कोलोरॅडोमध्ये पहिल्या तीन हंगामांत १६ विजय आणि २१ पराभव अशी नोंद आहे, आणि तीही सरळ चढती नाही: २०२३ मध्ये ४ विजय, २०२४ मध्ये ९, आणि २०२५ मध्ये पुन्हा ३. यांपैकी कोणता आकडा त्यांची खरी पात्रता सांगतो? मैदानावरची त्यांची थोरवी प्रशिक्षकपदात उपयोगी पडली का, की तिने फक्त गर्दी आणि कॅमेरे आणले? ज्यांनी हा खेळ माझ्यापेक्षा अधिक काळ पाहिला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

नव्वदीचा_प्रेक्षक

प्रश्न चांगला आहे. आपण ज्या थोरवीचा उल्लेख केला आहे, तिचे स्वरूप आधी समजून घेतले पाहिजे, म्हणून मी खेळाडू सँडर्स यांच्याविषयी लिहितो.

१९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत, अटलांटा फाल्कन्सने त्यांना पाचव्या क्रमांकावर निवडले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये एकाच आठवड्यात त्यांनी न्यूयॉर्क यांकीजकडून बेसबॉलमध्ये होम रन मारली आणि फाल्कन्सकडून पहिल्याच सामन्यात ६८ यार्डांची पंट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने लाथ मारून दिलेला चेंडू, परतवून टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोल रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवले. १९९२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, ते अटलांटा ब्रेव्ह्जकडून खेळले आणि पुढे सॅन फ्रान्सिस्को व डॅलस अशा दोन संघांबरोबर लागोपाठ दोन वर्षे सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकले. वर्ल्ड सिरीज आणि सुपर बोल या दोन्हींत उतरलेला दुसरा खेळाडू आजतागायत झालेला नाही.

त्यांची जागा कॉर्नरबॅकची, म्हणजे प्रतिस्पर्धी रिसीव्हरला (फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला) रोखणाऱ्या बचावपटूची. या जागेवरचे बहुतेक खेळाडू रिसीव्हरला शक्य तितके चिकटून धावतात. सँडर्स मात्र कित्येकदा मुद्दाम थोडे अंतर ठेवत, जेणेकरून क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, रिसीव्हर मोकळा दिसावा. आणि चेंडू हातातून सुटल्याक्षणी ते मधले अंतर इतक्या झपाट्याने कापत की रिसीव्हरच्या पुढ्यात येऊन चेंडू तेच झेलत. १९९४ मध्ये त्यांनी असे सहा चेंडू पळवले, त्यांपैकी तिघांचे टचडाउन केले आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटूचा किताब मिळवला. पुढे तर अनेक संघ त्यांच्या बाजूला चेंडू टाकायचेच टाळू लागले. क्वार्टरबॅकच्या खांद्याची हालचाल वाचण्याची त्यांची नजर काही अंशी शिकवता येईल, पण त्या नजरेला साथ देणारा वेग शिकवता येत नाही, आणि त्या वेगाशिवाय ही युक्ती करणाऱ्या मुलाच्या डोक्यावरून चेंडू जाऊन थेट टचडाउन होईल.

म्हणूनच मला वाटते की त्यांच्या खेळातून त्यांच्या प्रशिक्षकपदाकडे सरळ वाट जात नाही. ती वाट शोधायची असेल, तर निवृत्तीनंतरच्या वर्षांकडे पाहावे लागेल. दूरचित्रवाणीवर समालोचन करता करता त्यांनी टेक्सासमध्ये मुलांचे संघ घडवले. २०१२ मध्ये ज्या प्राइम प्रेप अकॅडमीचे ते सहसंस्थापक होते, ती शाळा २०१५ मध्ये आर्थिक अडचणींत बंद पडली. त्यानंतर सीडर हिल येथील ट्रिनिटी ख्रिश्चन या शाळेत त्यांनी आक्रमणाची धुरा सांभाळली. आयुष्यभर बचावात खेळलेल्या माणसाने आक्रमणाचे काम पत्करावे, आणि त्याच संघात स्वतःचा मुलगा शेड्यूर क्वार्टरबॅक म्हणून तयार व्हावा, यात त्यांच्या पुढच्या कारकिर्दीचे बरेचसे बीज आहे. अर्धवट राहिलेली पदवीही त्यांनी २०२० मध्ये टॅलाडेगा कॉलेजातून पूर्ण केली, आणि त्याच वर्षी जॅक्सन स्टेटने त्यांना बोलावले.

मिसिसिपीत_वीस_वर्षे

जॅक्सन स्टेटबद्दल बाहेरचे लोक फार घाईने बोलतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हे ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांपैकी एक आहे. दक्षिणेतील मोठ्या विद्यापीठांची दारे ज्या काळात काळ्या मुलांना बंद होती, त्या काळात त्या प्रदेशातील सर्वोत्तम खेळाडू अशाच विद्यापीठांत खेळत. वॉल्टर पेटन हे याच जॅक्सन स्टेटचे. पुढे दारे उघडली, तशी मोठी विद्यापीठे ती गुणी मुले घेऊन गेली, आणि पैसा व दूरचित्रवाणीचे कॅमेरेही त्यांच्या पाठोपाठ गेले. सँडर्स आले तेव्हा जॅक्सन स्टेटच्या भव्य मैदानाला जुन्या दिवसांची आठवण होती, पण सराव, वैद्यकीय मदत आणि निवास यांच्या सोयी तुटपुंज्या होत्या.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर २०२१ मधील एक घटना पाहा. देशातील शालेय खेळाडूंमध्ये पहिल्या क्रमांकावर गणला गेलेला ट्रॅव्हिस हंटर हा मुलगा फ्लोरिडा स्टेटला, म्हणजे सँडर्स यांच्याच जुन्या विद्यापीठाला, शब्द देऊन बसला होता. करारावर सही करण्याच्या दिवशी त्याने जॅक्सन स्टेट निवडले. त्या दर्जाचा खेळाडू अशा विद्यापीठात येण्याचा विचारही तोवर कोणी केला नव्हता. हे केवळ प्रसिद्धीच्या बळावर झाले असे म्हणणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की हंटर स्वतः कॉर्नरबॅक आणि रिसीव्हर अशा दोन्ही जागा खेळू इच्छित होता, आणि ते ज्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले होते असे प्रशिक्षक देशात एकच होते. वर नव्वदीचा_प्रेक्षक यांनी लिहिले आहे की खेळातून प्रशिक्षकपदाकडे सरळ वाट जात नाही. मला वाटते, निदान हंटरच्या बाबतीत ती गेली.

मैदानाबाहेरही त्यांनी काम केले. २०२१ च्या शरद हंगामात पायाच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन त्यांची दोन बोटे कापावी लागली आणि काही सामन्यांना ते हजर राहू शकले नाहीत. तरीही तो संघ ११ सामने जिंकून परिषदेचा, म्हणजे विद्यापीठांच्या आपल्या गटाचा, विजेता ठरला. २०२२ मध्ये खेळाडूंच्या सोयींचे अर्धवट राहिलेले काम पुरे व्हावे म्हणून आपला निम्मा पगार देण्याची त्यांनी तयारी दाखवली. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस जॅक्सन शहराची पाणीपुरवठा यंत्रणा कोलमडली आणि नळाला पाणी येईनासे झाले, तेव्हा आपल्या खेळाडूंच्या राहण्याची, आंघोळीची आणि जेवणाची सोय अन्यत्र लावण्यासाठी ते धडपडत होते.

पण त्यांच्या निघून जाण्याचे दुःख इथे खोल आहे, आणि तेही लिहिले पाहिजे. ३ डिसेंबर २०२२ रोजी परिषदेचा अंतिम सामना जिंकल्यावर त्याच संध्याकाळी त्यांनी खेळाडूंना सांगितले की आपण कोलोरॅडोला चाललो आहोत. कृष्णवर्णीय विद्यापीठांचे दिवस पालटण्याची भाषा त्यांनीच केली होती, आणि ती ऐकून अनेक पालकांनी आपली मुले इथे पाठवली होती. शेड्यूर आणि हंटर त्यांच्याबरोबर गेले. २०२१ आणि २०२२ अशी दोन्ही वर्षे सेलिब्रेशन बोल हा हंगामाचा शेवटचा मोठा सामना जॅक्सन स्टेट हरले, दुसऱ्यांदा तर अतिरिक्त वेळेत.

आता जी गोष्ट राष्ट्रीय चर्चेत कधीच येत नाही ती सांगतो. सँडर्स यांच्यानंतर त्यांचेच साहाय्यक आणि या विद्यापीठाचे माजी खेळाडू टी. सी. टेलर मुख्य प्रशिक्षक झाले. २०२४ मध्ये टेलर यांच्या संघाने परिषद जिंकली आणि सेलिब्रेशन बोलमध्ये साउथ कॅरोलायना स्टेटला २८-७ असे हरवले. जे सँडर्स यांना दोनदा साधले नाही, ते कॅमेरे निघून गेल्यावर साधले. याचे श्रेय टेलर यांचे आहे, हे मी निःसंकोचपणे म्हणेन. तरी पाया सँडर्स यांच्या काळात भरला गेला, हेही नाकारता येत नाही. एडी जॉर्ज, मायकेल व्हिक, डीशॉन जॅक्सन यांच्यासारख्या माजी व्यावसायिक खेळाडूंना पुढे अशाच विद्यापीठांनी मुख्य प्रशिक्षक नेमले, त्यामागेही जॅक्सनमधला हा अनुभव होता असे मला वाटते.

साइडलाइनवरून

वरील दोन्ही उत्तरे आवडली. मला मात्र आपल्या प्रश्नाचे उत्तर तुलनेत दिसते, आणि तुलनेसाठी जिम हार्बॉ यांच्याइतके योग्य नाव दुसरे नाही.

हार्बॉ हेही व्यावसायिक क्वार्टरबॅक. १९८७ मध्ये शिकागो बेअर्सने त्यांना पहिल्या फेरीत निवडले आणि ते चौदा हंगाम खेळले. चांगले खेळाडू होते, परंतु सँडर्स यांच्या तोडीचे कधीच नव्हते. फरक आहे तो शिकाऊ वर्षांत. खेळत असतानाच, १९९४ पासून, ते वडिलांच्या वेस्टर्न केंटकी संघात बिनपगारी साहाय्यक म्हणून काम करत आणि शाळाशाळांतून मुले शोधत. निवृत्तीनंतर दोन वर्षे रेडर्स या व्यावसायिक संघाच्या क्वार्टरबॅकांना शिकवले. मग २००४ मध्ये सॅन डिएगो विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक झाले, जिथे फुटबॉलसाठी शिष्यवृत्तीही दिली जात नाही. तिथून ते स्टॅनफर्डला गेले.

आता आकडे शेजारी ठेवा. स्टॅनफर्डने हार्बॉ येण्याआधीच्या हंगामात १ सामना जिंकला होता आणि ११ हरले होते. कोलोरॅडोने सँडर्स येण्याआधीच्या हंगामात नेमके तेच केले होते. पहिल्या हंगामात दोघांचेही ४ विजय आणि ८ पराभव. इतकी सारखी सुरुवात क्वचित सापडते. त्यानंतर मात्र हार्बॉ यांचे विजय ५, ८ आणि १२ असे वाढत गेले, तर सँडर्स यांचे ९ वर जाऊन ३ वर आले.

हार्बॉ यांनी आधी आक्रमक फळीतले पाच धिप्पाड खेळाडू घडवले, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभी राहणारी ती भिंत, जिच्याकडे प्रेक्षकांचे लक्ष सहसा जात नाही. त्या भिंतीच्या आडून टोबी गेरहार्ट धावले आणि नंतर अँड्र्यू लक यांनी निवांतपणे चेंडू फेकले. हार्बॉ २०११ च्या सुरुवातीला निघून गेले, तरी पुढच्या हंगामात डेव्हिड शॉ यांच्या हाताखाली स्टॅनफर्डने पुन्हा ११ सामने जिंकले. मिशिगनला त्यांनी २०२३ च्या हंगामाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. त्याच हंगामात त्यांच्यावर दोनदा तीन-तीन सामन्यांच्या बंदीची कारवाई झाली, हेही नोंदवायला हवे.

याउलट कोलोरॅडोमध्ये सँडर्स यांनी सर्वांत महागडे आणि चमकदार खेळाडू आणले, आणि ती भिंत कच्ची राहिली. शेड्यूर यांना दोन हंगामांत ९४ वेळा चेंडूसकट पाडण्यात आले. इतका मार खाऊनही ते ज्या अचूकतेने खेळले त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे, परंतु क्वार्टरबॅकला असे उघडे पाडणे हा संघबांधणीचा दोष आहे, आणि तो प्रशिक्षकाच्याच पदरी जातो.

स्टीव्ह स्परियर यांचेही उदाहरण आहे. १९६६ चे हाइझमन (विद्यापीठ फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) विजेते, पण व्यावसायिक खेळात बरीच वर्षे सॅन फ्रान्सिस्कोचे राखीव क्वार्टरबॅक, आणि १९७६ मध्ये चौदाच्या चौदा सामने हरलेल्या टँपा बे संघात. पुढे फ्लोरिडा विद्यापीठात त्यांनी बारा हंगामांत १२२ सामने जिंकले आणि १९९६ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. बाकावर बसून वर्षानुवर्षे दुसऱ्याचा खेळ पाहावा लागलेल्या माणसाला बरेच काही कळते, असे मला मनापासून वाटते. सँडर्स यांना तसे बसून राहण्याची वेळ क्वचितच आली.

बोल्डरचा_पालक

सर्वांचे आभार. साइडलाइनवरून यांच्या तुलनेने बरेच स्पष्ट झाले. तरी एक शंका उरते. हार्बॉ यांच्या काळात खेळाडूला विद्यापीठ बदलायचे तर एक वर्ष बाहेर बसावे लागे. आज मुले दर हिवाळ्यात संघ बदलतात आणि त्यांना पैसेही मिळतात. मग चार वर्षे धीराने संघ घडवण्याची अपेक्षा आज कोणाकडूनही करणे न्याय्य आहे का? आणि माझ्यासारख्या प्रेक्षकाने पुढच्या हंगामात नेमके काय पाहावे?

पोर्टलचा_अभ्यासक

शंका रास्त आहे. सँडर्स यांची कोलोरॅडोतील कारकीर्द या नियमबदलांपासून वेगळी काढताच येत नाही.

२०२१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. वसंत ऋतूत खेळाडूला एकदा बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली, आणि १ जुलैपासून स्वतःचे नाव व छबी वापरू देऊन पैसे मिळवण्याचा हक्क मिळाला. २०२२ मध्ये एका वर्षात पंचवीसच नवे खेळाडू शिष्यवृत्तीवर घेता येतील, ही मर्यादाही तात्पुरती उठवण्यात आली. सँडर्स डिसेंबर २०२२ मध्ये बोल्डरला आले, तेव्हा ही तिन्ही दारे प्रथमच एकत्र उघडी होती. पहिल्याच बैठकीत त्यांनी जुन्या खेळाडूंना चित्रफितीसमोर स्पष्ट सांगितले की मी माझे सामान (म्हणजे आपले खेळाडू) बरोबर घेऊन येतो आहे, तुम्ही दुसरी जागा पाहा. पन्नासाहून अधिक खेळाडू बाहेर पडले. ते बोलणे मला तेव्हाही रुचले नाही आणि आजही रुचत नाही, कारण त्या मुलांनी आधीच्या प्रशिक्षकाच्या शब्दावर विद्यापीठ निवडले होते आणि पराभवांचा तो सगळा हंगाम अंगावर झेलला होता.

परिणाम मात्र तात्काळ दिसला. २ सप्टेंबर २०२३ रोजी, आधीच्या वर्षी राष्ट्रीय अंतिम फेरी गाठलेल्या टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) संघाला त्यांच्याच मैदानावर कोलोरॅडोने ४५-४२ असे हरवले. शेड्यूर यांनी ५१० यार्ड फेकले, हा विद्यापीठाचा विक्रम होता. टेक्सासच्या कडक उन्हात हंटर आक्रमण आणि बचाव असे दोन्हीकडे खेळले, अकरा चेंडू झेलले आणि आपल्या गोल रेषेजवळ एक चेंडू पळवला. मग ऑक्टोबरमध्ये स्टॅनफर्डविरुद्ध मध्यंतराला २९-० अशी आघाडी असताना हाच संघ दोन अतिरिक्त डावांनंतर ४६-४३ असा हरला. ज्या संघातले खेळाडू एकमेकांना आठ-नऊ महिनेच ओळखतात, त्याचा तोल किती पटकन ढळतो हे त्या रात्री दिसले.

२०२४ मधील सुधारणा खरी होती, हे मी ठामपणे म्हणतो. सिनसिनाटी बेंगल्समधून रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांना आणून बचाव सोपवला, आणि बचाव सुधारला. बिग ट्वेल्व्ह परिषदेत ७ विजय आणि २ पराभव अशी आघाडीच्या संघांच्या बरोबरीची कामगिरी करूनही केवळ बरोबरी सोडवण्याच्या नियमांमुळे अंतिम सामना हुकला. हंटर यांना हाइझमन मिळाले. योग्य साहाय्यक निवडणे हे मुख्य प्रशिक्षकाचे मोठे काम असते, आणि त्या वर्षी सँडर्स यांनी ते केले.

मार्च २०२५ मध्ये पाच वर्षांसाठी ५ कोटी ४० लाख डॉलरांचा नवा करार झाला. एप्रिलमध्ये हंटर आणि शेड्यूर व्यावसायिक संघांत गेले. त्याच वर्षी सँडर्स यांच्या मूत्राशयात कर्करोगाची गाठ सापडली आणि मूत्राशय काढावे लागले. एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ते हंगामासाठी उभे राहिले, याबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे. परंतु संघाचा विचार करायचा तर ऑक्टोबरमध्ये युटाने त्यांना ५३-७ असे हरवले, आणि दोन तारे गेल्यावर खाली काय उरते याचे ते उत्तर होते.

नियम बदलले म्हणून संघ घडवणे अशक्य झाले, हे मला मान्य नाही. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी हे २०२३ मध्ये फक्त ३ सामने जिंकलेल्या इंडियाना विद्यापीठात गेले, जेम्स मॅडिसन या आपल्या आधीच्या विद्यापीठातले डझनभर खेळाडू बरोबर नेले आणि पहिल्याच वर्षी ११ सामने जिंकले. तेही याच पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून. सिग्नेटी यांनी त्यांत अनुभवी, आपली पद्धत माहीत असलेले, फारशा प्रसिद्धीत नसलेले खेळाडू निवडले, आणि भिंतीच्या जागाही त्यांतूनच भरल्या. याउलट भरतीसाठी आपण कोणाच्या घरी किंवा शाळेत जाणार नाही, असे सँडर्स यांनी स्वतः सांगितले आहे. हंटरसारखा मुलगा प्रशिक्षकाच्या नावामुळे स्वतःहून येतो. भिंतीत उभा राहणारा तीनशे पौंडांचा मुलगा असा येत नाही, त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईवडिलांशी बोलावे लागते, आणि तो तयार व्हायला दोन-तीन वर्षे लागतात.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: फॉल्सम फील्ड या कोलोरॅडोच्या मैदानावर गेलात, तर प्रत्येक चालीचे पहिले तीन सेकंद चेंडूकडे पाहू नका. मधल्या पाच जणांकडे पाहा. ते मागे ढकलले जात आहेत का, शेजाऱ्याने सोडलेला धावून येणारा बचावपटू दुसरा उचलतो आहे का, तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) क्वार्टरबॅक पहिला रिसीव्हर सोडून दुसऱ्याकडे पाहण्याइतका वेळ उभा राहतो आहे का. शक्य झाल्यास सामन्याच्या पत्रकात त्या पाच जणांपुढे आधीचे विद्यापीठ कोणते लिहिले आहे, तेही वाचा. त्यांतले तिघे जरी बोल्डरमध्येच दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला असतील, तर सँडर्स यांनी आपली पद्धत बदलली आहे असे समजायला हरकत नाही.